मजुरी : पाहा ‘नुकसान’

हसाजी चिंचोलकर आमच्या मिलमध्ये
जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा;
चादरीवर एक मोर उठवायला तीनशे चौऱ्याऐंशी.
मोराचा नमुना बंद झाला
तेव्हा सगळे पुठ्ठे त्यांनी जोडभावीच्या खोलीवर नेले
आणि भोकं चुकवत चुकवत
त्यांवर आपल्या धर्माचा कायदा लिहिला,
विषयवार, मराठीत.

चपलांची सहा खोकी.
बीजं. सण. बायका. नुकसान. पवित्र. शुद्ध.
“शुद्धमध्ये सगळं अशुद्धच आहे,” म्हणाले,
“पण खोक्यावर तसं लिहिणं बरं दिसत नाही.”

‘बीजं’ उघडलं. पहिलाच पुठ्ठा:
संध्याकाळ कधीपासून धरायची?
ना ज्वारी, ना तूर.
“पेरणाऱ्यानं आधी शमा म्हणावा, म्हणून असेल.
नाहीतर तेव्हा दुसरं खोकं रिकामं नसेल.”
बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला.
दोघांनीही घड्याळ पाहिलं.

मी पद्मशाल्याचा पोर, अठरा वर्षांचा.
म्हटलं, काका, आमचं काम कुठाय यात?
त्यांनी ‘बीजं’मध्येच बोट घातलं:
लोकर आणि जवसाचं सूत एका कापडात नको.
कारण एका वाफ्यात दोन पिकं नकोत,
द्राक्षांच्या ओळीत धान्य नको,
आणि म्हणून कापड
वाफ्याच्या शेजारी सापडतं.

आणि विणणं?
ते सणांत.
मी खूश झालो. वाचलं तर:
शनवारी मना.
ताणा मांडणं मना, दोन धागे विणणं मना,
दोन उसवणंही.
“दोनच?”
“दोन झाले की विणलंस तू. मग सुटका नाही.”
विणकामाची इतकी नेमकी व्याख्या
मालकानं कधी केली नाही, युनियननंही नाही.

(फार उशिरा, पगारवाढ सांगावी तसं
त्यांनी सांगितलं:
तो ग्रंथ ज्या भागांत वाटलाय
त्या एकेका भागाचं नाव
त्यांच्या भाषेत ‘मागावरचं कापड’.)

मग मिल बंद पडली. पाच महिन्यांचं राहिलं.
गेटवर भाषणं चालू होती.
हसाजींनी ‘नुकसान’चं खोकं काखोटीला मारून आणलं.
बैल. खड्डा. पिकात शिरलेलं जनावर. आग.
त्यांच्या मागे, पुठ्ठा दोनशे अकरा:
दिवसपाळीवाल्याचे रात्र सरायच्या आत द्या,
रातपाळीवाल्याचे दिवस सरायच्या आत.
मी म्हटलं, मजुरी नुकसानीत का?
माझ्याकडे असे बघत राहिले
जसं मीच मिल बंद केली.

आत जाऊन पुठ्ठा कारकुनाच्या टेबलावर ठेवला.
कारकुनानं उलटसुलट केला,
एका भोकातून पंखा पाहिला,
“याची पोच मिळणार नाही,” म्हणाला
आणि फायलीत लावला.

हसाजी मुलीकडे अश्दोदला गेले.
खोकी माझ्याकडे राहिली.
परवा भाच्यानं, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
मला न विचारता ती उघडली.
त्यानं शाई वाचली नाही,
कोपऱ्यातले मिलचे आकडे वाचले.
एकापुढे दोन, दोनापुढे तीन,
घटस्फोटापुढे कांदा, कांद्यापुढे कबुतराचा बळी,
दोरीत ओवले आणि माग चालू केला.

मोर आला.
पंधरा वर्षांनी, पिसारा जशाच्या तसा.
फक्त मानेत कुठेतरी एक ओळ उडालीय;
डोळ्याला कळत नाही,
बोट फिरवलं की लागते.

भाचा म्हणतो, पुठ्ठे असेच राहू दे, मामा, धंदा आहे.
माझ्यासमोर सहा रिकामी खोकी.
‘शुद्ध’मध्ये दोन मेलेली झुरळं.
दोरी उसवायची तर
कुठल्या दोन धाग्यांपासून सुरुवात करू, हसाजीकाका,
आणि आज वार कुठला?